मामाची बिनपैशांची पायवाट

नातवंडांनो, तुमचा मामा, म्हणजे माझा मुलगा, धर्मगुरू होऊन आफ्रिकेला गेला, हे तुम्हांला माहीत आहे. तो जाण्याआधी माझी श्रद्धा किती डळमळली होती, ते मात्र माहीत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही अंधेरीला राहत होतो. मिशनसाठी परदेशी जाणाऱ्यांना तेव्हा तिथली भाषा, थोडं औषधपाणी, सुतारकामसुद्धा शिकवत. पण सर्वांत अवघड पाठ वेगळाच होता. महिनाभर, खिशात पैसा न घेता, गावोगाव पायी फिरायचं. काम मागायचं, मिळेल ते खायचं, आपण कोण ते सांगायचं नाही, घरी पत्र नाही. पुढे परक्यांच्या दयेवर जगायचं, तर त्याची सवय इथेच व्हावी, असा विचार. मामाला लहानपणापासून दमा. तो कोकणाकडे निघाला आणि माझी झोप उडाली. रोज चर्चमध्ये एकच मागणं, त्याला परत पाठव. उत्तर येईना, तेव्हा मी मागणंच सोडलं.

अशात शेजारी नव्याने आलेल्या मालवणच्या सावंतवहिनी गावाहून परतल्या आणि आमसुलं द्यायला घरी आल्या.

"वहिनी, गंमत आयका. आमच्या सासूच्या दारात एक झिलगो, तरणो पोरगो, इलो, धापा टाकीत. म्हणता, 'आजी, लाकडं फोडतो, जेवायला द्याल?' सासू म्हणाली, 'मेल्या, आधी बस! नायतर लाकडां रवतली बाजूक आणि तुकाच उचलूचा लागात.' ठेवन घेतल्यान, काढो पाजल्यान. बरो होवन पुढे गेलो. पण जेवच्या आधी तो डोळे मिटून म्हणायचो, 'देवा, रांधणाऱ्या हातांना सुखी ठेव.' सासू म्हणता, जन्मभर रांधतंय, माझ्या हातांचा देवाक कोणी सांगूक नाय!"

ते शब्द आमच्या घरचे. माझ्या आईने मला शिकवले, मी मामाला. मी ओट्याला धरून रडू लागले.

"अगो बाय, काय झाला?"

"तो माझा मुलगा, वहिनी."

"आता सांगतास? आधी कळला असता तर सासूक म्हावरां रांधूक सांगलंय असतंय!"

रडता रडता मला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी छाती मोकळी झाली.

महिना सरल्यावर मामा आला, रापलेला, हडकलेला, पण नीट श्वास घेत. मी त्याला परत मागत राहिले होते, आणि देवाने तो धापा टाकत होता तिथेच त्याला एक आजी दिली होती. पुढे सहार विमानतळावर निरोप देताना मी त्याला थांब म्हटलं नाही.

आता तुम्हीही दूर आहात. मी सकाळी तुमची नावं घेते, तुम्हांला देवाच्या हवाली करते, आणि निवांत चहा टाकते.