रानमेंढा आणि पोळ्यांचा पंचा

व्हिडिओ कॉलवर टीव्हीच्या वरचं ते शिंगांचं डोकं दिसलं की तुम्ही दोघं दर वेळी विचारता, "आजी, इज दॅट रिअल?" खरं आहे. तुमच्या मामाने ते डोंगरावरून स्वतःच्या पाठीवर आणलं. त्या दिवशी मीही तिथे होते. तुमची आई म्हणते, ही गोष्ट फोनवर अर्धवट सांगू नकोस, नीट लिहून पाठव. म्हणून लिहिते.

इथे ॲरिझोनात बिगहॉर्न नावाचा रानमेंढा असतो. आमच्या चँडलर गावाहून गाडीने तीन तास गेलं की उघडेबोडके, खडकाळ डोंगर लागतात, त्यांत तो राहतो. त्याच्या शिकारीचा परवाना सोडतीत मिळतो आणि माणसाला आयुष्यात एकदाच. तुमचा मामा सतरा वर्षं अर्ज करत होता. कॉम्प्युटरच्या चिप बनवायच्या कारखान्यात बारा-बारा तास पांढऱ्या बंद पोशाखात काढणाऱ्या माणसाला मोकळ्या डोंगराची भूक लागत असावी. बंदूक धरायला त्याला शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी शिकवलं. हे काका अमेरिकन, जन्मभर शिकार केलेले. त्यांना स्वतःला हा परवाना कधीच लागला नाही. मामाला लागला तेव्हा ते आमच्या ओट्यापाशी उभे राहून लहान मुलासारखे हसत होते.

काका बरोबर जाणार होते, पण नोव्हेंबरात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. या शिकारीला दोन माणसं लागतात. एकाने डोंगर चढायचा, दुसऱ्याने समोरून दुर्बिणीतून मेंढ्यावर नजर ठेवायची. मामीला रजा नव्हती. मी म्हटलं, "मी येते."

"आई, तिथे बाथरूम नाही," मामी म्हणाली.

"आमच्या लहानपणीही नव्हतं."

काकांनी मला अंगणात खुर्चीवर बसवून ट्रायपॉडवरची मोठी दुर्बीण दाखवली. डोंगर एकदम पाहायचा नाही, म्हणाले, चौकोन पाडून एकेक चौकोन पाहायचा. मला हसू आलं. मी तीस वर्षं पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काचपट्टीवरच्या पेशी मोजल्या. डावीकडून उजवीकडे, मग एक ओळ खाली, मग उजवीकडून डावीकडे. एकही जागा सोडायची नाही आणि एकही दोनदा मोजायची नाही. मला आता फक्त काचपट्टी मोठी मिळाली होती.

नऊ दिवस आम्ही त्या डोंगरासमोर तंबू ठोकून राहिलो. सकाळी बोटं आखडायची, दुपारी स्वेटर काढावा लागायचा. माद्या दिसल्या, पिल्लं दिसली, दोन तरुण मेंढेही दिसले. पण मामाला म्हातारा हवा होता. काकांनी तसं बजावलं होतं, की ज्याचं कळपातलं काम संपत आलंय तोच घे.

"म्हणजे म्हाताऱ्यांच्याच मागे लागायचं," मी म्हटलं.

"तुला नाही लागत कोणी, तू बिनधास्त चहा कर," मामा म्हणाला.

आठव्या दिवशी, म्हणजे मोसम संपायच्या आदल्या दिवशी, साडेनऊ वाजता माझ्या तिसऱ्या ओळीतल्या एका चौकोनात कपारीच्या सावलीत एक गोल रेष दिसली. डोंगरात गोल काही नसतं. मी श्वास रोखून पाहत राहिले. रेषेला कान फुटला. पूर्ण वळलेलं शिंग, टोक झिजून बोथट झालेलं. मामाने पाहिलं. मग म्हणाला, "हाच."

तिथे फोन चालत नव्हते, आणि वॉकीटॉकीने मेंढ्याचा पत्ता सांगणं काकांच्या शिस्तीत बसत नव्हतं. खूण ठरली ती अशी: आमच्या तंबूजवळ एकच बरं झाड होतं, पालो व्हर्डेचं, हिरव्या खोडाचं. त्यावर एक पांढरा टॉवेल म्हणजे मेंढा जागेवर आहे. दोन पांढरी फडकी म्हणजे उठून गेला, परत ये. मामा डोंगराच्या मागून चढणार होता. शेवटच्या खिंडीतून एकदा झाडाकडे दुर्बिणीने पाहायचं आणि मगच पुढे सरकायचं.

मी एक टॉवेल लावला आणि खुर्चीत बसले. दर दहा मिनिटांनी वहीत नोंद करत होते. बसलाय. रवंथ करतोय. मान वळवली. बसलाय. बाराच्या सुमाराला तो इतका निवांत होता की मी तेवढ्यात भांडी आवरून घेतली. पोळ्या गुंडाळायच्या पंच्याला तुपाचा वास यायला लागला होता. तपेलीत थोडं गरम पाणी उरलं होतं, ते टाकवेना. पंचा धुतला, घट्ट पिळला, झटकला आणि उन्हात वाळत घातला. आणि पुन्हा वही घेऊन बसले. बसलाय. बसलाय.

तीनच्या पुढे मागून पावलं वाजली. मामा घामाने भिजलेला, गुडघा खरचटलेला, पाठीवर बंदूक.

"कधी उठला?" त्याने विचारलं.

"कोण?"

"मेंढा, आई!"

"तो कुठे उठलाय? बसलाय की. ये, बघ."

त्याने दुर्बिणीला डोळा लावला नाही. तो झाडाकडे पाहत होता. मग मीही पाहिलं. टॉवेलाच्या शेजारी, कडा ताणून, चारही टोकं सरळ करून माझा पंचा छान वाळत होता.

मुलांनो, मला आयुष्यात इतकं शरमल्यासारखं कधी झालं नाही. सतरा वर्षं थांबलेल्या माणसाला मी पोळ्यांच्या फडक्याने डोंगरावरून खाली बोलावलं होतं. मी काही बोलायच्या आत तो खाली बसला आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. हसत होता.

"अगं, जंगलातसुद्धा धुणं?"

"वास येत होता रे."

"मेंढ्याला नव्हता येत ना!" मग डोळे पुसून तो गंभीर झाला. "आता पुन्हा चढायला उजेड पुरणार नाही. उद्या शेवटचा दिवस. हा रात्रीतून कुठे गेला तर संपलं."

अंधार पडेपर्यंत मी दुर्बिणीवरून उठले नाही. पाठ दुखत होती, पण दुखणं मला आवश्यक वाटत होतं. साडेपाचच्या आधी मेंढा उठला, अंग ताणलं, चरत चरत डावीकडे गेला आणि दोन सुळक्यांच्या मधल्या काळ्या खडकाच्या मागे दिसेनासा झाला. मी त्या जागेचं चित्र काढलं, निवडुंग मोजून दाखवले. मामा त्या चित्राकडे पाहत जेवला.

पहाटे तो निघाला तेव्हा मी झाडावरचं सगळं काढून घेतलं. ओढणीसुद्धा तंबूत ठेवली. उजाडल्यावर काळ्या खडकामागे कोणी नव्हतं. मग स्वतःला बजावलं, काचपट्टी पुन्हा पहिल्यापासून. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. आठ वाजून गेल्यावर खडकाच्या बऱ्याच खाली, कोरड्या ओढ्याच्या काठावर, तो उन्हाला पाठ करून उभा दिसला. खिंडीतून तो ओढा समोरच दिसतो, असं मामाने सांगितलं होतं. मी धावतच जाऊन टॉवेल लावला आणि तो लावल्यावर तीनदा मोजला. एक.

दहाच्या सुमाराला दुर्बिणीत मेंढा एकदम गुडघ्यांवर बसला आणि कुशीवर झाला. आवाज मागून आला, दूरवर दार लागल्यासारखा. मग थोड्या वेळाने मामा दगडांतून उतरत त्याच्यापाशी पोचला. पोचल्यावर त्याने सुरी काढली नाही. बंदूक बाजूला ठेवून तो मेंढ्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला. मी दुर्बीण दुसरीकडे वळवली. तो वेळ त्याचा होता.

मांस आणि डोकं खाली आणायला त्याला दोन खेपा लागल्या. पहिल्या खेपेनंतर चहा प्याला आणि पुन्हा वर गेला. मी तेवढ्यात शिंगांवरच्या वळ्या बोटाने मोजल्या. एकेक वळी म्हणजे एकेक वर्ष. दहा भरल्या. शिंगांना माती, ऊन आणि सुक्या गवताचा वास होता.

संध्याकाळी मी पाठीच्या मांसाचे पातळ तुकडे करून घरून आणलेला कांदा-लसूण मसाला लावला आणि तव्यावर परतले. बोकडाइतकं ते उग्र नव्हतं. मामाने एक तुकडा खाल्ला, डोळे मिटले.

"आता पुढच्या वर्षी काय करणार रे तू?" मी विचारलं. "अर्ज तर आता कधीच करायचा नाही."

"काहीच नाही," तो म्हणाला. "काकांचा अर्ज भरून देईन. आणि तू अजून दोन तुकडे वाढ."

मी वाढले. तिसरा वाढायला वळले तेव्हा तो ताट मांडीवर धरून बसल्या बसल्या झोपला होता. मी ताट अलगद काढून घेतलं, त्याच्या खांद्यांवर माझी शाल टाकली आणि तव्यावरचं उरलेलं मांस चवीने, अगदी सावकाश, एकटीने संपवलं.