मोरीच्या वाटचं पाणी

प्रयोगशाळेचं दार उघडलं की आमचे सायन्सचे मास्तर आडवा हात धरून सगळ्या वर्गाला उंबऱ्याबाहेर अडवायचे. मान पुढे काढून हुंगायचे. "पहिले नाक, मंग पाय," म्हणायचे, आणि मगच हात खाली यायचा. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही हसू आलं असतं. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचो. मी तर रोज हसायचो.

वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालायचा तेव्हाची ही गोष्ट. बुलढाण्याच्या आमच्या शाळेला प्रयोगशाळा नवीनच मिळाली होती, आणि तिच्या मोरीतून गटाराचा असा वास यायचा की पोरं नाक दाबून बसत. हेडमास्तरांनी बजावलं, "इन्स्पेक्टर यायच्या आत वास गेला नाही, तर खोलीला कुलूप आणि सायन्स बंद." मास्तरांचा चेहरा उतरला. मग सायन्ससाठी पोरांना अकोला नाहीतर अमरावती गाठावी लागली असती, आणि ती ऐपत किती घरांत होती?

दोष मास्तरांनीच शोधला. मोरीखालच्या नळीला वाक असतो. त्यात पाणी साचून राहिलं की गटाराची हवा वर येत नाही. उन्हाळ्यात ते आटायचं. रोज लोटाभर पाणी ओतायचं, एवढाच इलाज. पण विहिरींनी तळ गाठलेला. हेडमास्तर कडाडले, "लोकांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही मोरीत ओतता?" मोरीसाठी शाळेचं पाणी बंद झालं.

मग मास्तर घरून लोटा आणू लागले. रमजान चालू होता, मास्तरांचे रोजे होते. ओठ सुकलेले, आणि हा माणूस थेंबही न सांडता भर उन्हात यायचा. मी चिडून विचारलं, "घरच्यांना काय ठेवता?"

"त्यायच्यातलं नाही घेत, मास्तर. मी त दिवसभर पेतच नाही. हे माह्या वाटचं हाये."



इन्स्पेक्टर आले ते शाळा भरायच्या आतच. दार उघडलं आणि भपकारा अंगावर आला. साहेबांनी रुमाल काढला. मास्तर पांढरेफटक पडले. आदल्या संध्याकाळीच तर त्यांनी पाणी ओतलं होतं. ते गुडघ्यांवर बसले, मोरीत बोटं घातली आणि एक लांबलचक ओली चिंधी ओढून काढली. वास दबावा म्हणून कोणीतरी ती नळीत कोंबली होती, आणि वात तेल ओढते तसं तिनं वाकातलं पाणी रातोरात पलीकडे ओढून नेलं होतं.

"हे कोणी केलं?" साहेबांनी विचारलं.

हेडमास्तरांना घाम फुटला. चिंधी त्यांच्या जुन्या उपरण्याची होती. काठ मी ओळखला. मास्तरांनीही ओळखला असणार.

"माह्याच हातून राह्यली, साहेब," ते म्हणाले. "पानी टाकतो. वास जाते, पाहा."

पाणी ओतलं, खिडक्या उघडल्या. वास खरंच गेला. साहेबांनी शेरा दिला: प्रयोगशाळा चालू ठेवावी, मास्तर बदलावा.

मास्तर बदलीच्या गावी निघाले तेव्हा मोटारीपाशी मी त्यांच्याशी जवळजवळ भांडलोच. "खरं का नाही सांगितलं?"

"त्यायनं बी चांगल्यासाठीच केलं होतं. अन् हेडमास्तरवरच ठपका आला असता, त खोलीच गेली असती. आता पोट्टे शिकतीन त खरे."

त्यांना वडनेर भोलजीकडच्या एका खेड्यात पाठवलं. हेडमास्तर अखेरपर्यंत गप्प राहिले, आणि त्यांचा राग मला आजही येतो. एकदा मी मुद्दाम त्या खेड्यात गेलो. एकच खोली, एकच फळा. सायन्स कुठलं तिथे! मला पाहून मास्तर बाहेर आले. ना तब्येत, ना घरदार, पहिला प्रश्न हाच: "खोली चालू हाये ना?"

"चालू आहे," मी म्हणालो.

ते हसले, आणि सातचा पाढा अर्धवट राहिला होता म्हणून पुन्हा वर्गात गेले.