न प्यालेली शिंदी

किसनदादा तोंडात शिंदी घ्यायचा, गालांत नीट घोळवायचा आणि बाभळीच्या बुंध्याशी थुंकून टाकायचा. मग चार थेंब सदऱ्यावर शिंपडायचा. आष्टीच्या बाजारातून परतताना नाल्याच्या आडोशाला हे चालायचं. तिथून तो झोकांड्या खात गावात शिरला, की ओट्यावरची माणसं म्हणायची, आला गडी टाकून. त्याच्या पोटात शिंदी कधी गेलीच नाही, हे गावात मला एकट्याला ठाऊक होतं. आमची शेतं बांधाला बांध लागून, आणि चुकलेला बैल शोधत मी एकदा त्या नाल्यात उतरलो होतो.

झोकांड्या मात्र खऱ्या होत्या. त्याचे पाय त्याचं ऐकत नसत. पायांत अंतर ठेवून, चिखलात चालल्यासारखा तो चालायचा. वळताना तोल जायचा, अंधारात तर उभंही राहवत नसे. जालन्याच्या एका हकिमाने त्याला सरळ उभं करून डोळे मिटायला लावले, तर तो हकिमाच्याच अंगावर कोसळला. हकीम म्हणाला, नसांचा आजार आहे, घराण्यातून आलेला दिसतो, यावर औषध नाही. काठी धर आणि जप.

पण काठीच तर धरायची नव्हती. किसनदादा मूळचा धावड्याकडचा. मामाला मूलबाळ नव्हतं म्हणून त्याच्या जमिनीवर आमच्या गावी आलेला. त्याचा बाप असाच चालायचा, उघड उघड काठी टेकत. ती काठी दारात दिसली की दादाच्या बहिणीला बघायला आलेले पाहुणे पाणी पिऊन उठायचे. शेवटी तिला एका म्हाताऱ्या बिजवराला दिली. दादाच्या घरात आता त्याची लेक सुभद्रा लग्नाची झाली होती. बायको आधीच गेलेली. या पोरीला चांगलं घर मिळावं, एवढं एकच त्याला हवं होतं.

घनसावंगीचे पाहुणे तिला बघायला आले तो दिवस मला आठवतो. पायांवर पाणी घालायला दादा तांब्या घेऊन पुढे झाला आणि उंबऱ्यापाशी तांब्यासकट पाहुण्यांच्या पुढ्यात आडवा झाला. मुलाचा बाप त्याच्या पायांकडे टक लावून बघायला लागला. दादाने मान वर केली, हसला आणि म्हणाला, "माफी करा पाव्हणं. सकाळच्याला जरा जास्तच झाली."

पाहुण्यांचा जीव भांड्यात पडला. सासरा पिणारा निघाला तर काय बिघडतं? निजामी अंमलात गावोगाव शिंदीची दुकानं होती आणि घरोघर पिणारे होते. सोयरीक जमली. खोटं का बोललास म्हणून मी दादाला फैलावर घेतलं, तर तो शांतपणे म्हणाला, "मारोती, पेताडाच्या घरची पोरगी लोक करतात. रोगाच्या घरची करत न्हाईत."

एकदा घेतलेलं सोंग मग सोडता आलं नाही. काठी धरली तर आजार उघडा पडणार, आणि सुभद्राला माहेरी आणून सोडणार. म्हणून तो कुंपणं धरून चालायचा. बैलाच्या पाठीवर हात टाकून शेतात जायचा, बैल मोकळे नसले तर गाडीचं मागचं दांडकं धरून. नाल्याची उतरण तो बसून, ढुंगणावर घसरत उतरायचा. कुणी हटकलं तर म्हणायचा, "जमीनच हालून राह्यली, मी काय करू?" लोक पोट धरून हसायचे. मला त्या लोकांचा संताप यायचा आणि त्याहून जास्त दादाचा. घरातल्या कोपऱ्यात काठी पडलेली असताना हा माणूस गुडघे फोडून घेत होता.

सुभद्रालाही त्याने खरं सांगितलं नव्हतं. बाप शिंदी पितो म्हणून सासरी टोमणे बसायचे. एका दिवाळीला तिने त्याला बजावलं, की पंचमीला मला न्यायला तुम्ही येऊ नका, दुसऱ्या कुणाला पाठवा. तेव्हापासून मीच जायला लागलो. दादा म्हणाला, "बराबर झालं. लेकीला पटलं म्हंजे समद्या दुनियेला पटलं." असल्या समाधानाला काय म्हणावं, मला आजही कळत नाही.

अशाच एका पंचमीला मी घनसावंगीला गेलो. सुभद्रा पोरीला कडेवर घेऊन बाहेर आली ती चौकट धरून, पायांत अंतर ठेवून. तिच्या सासूने गाठोडं गाडीत टाकलं आणि मलाच ऐकवलं, की हिला आता तिकडंच ठेवा, चालताना हिचं ध्यान बघवत नाही. बापाला निदान प्यायचं सोंग तरी मिळालं होतं. बाईला तेवढंही घेता येत नाही.

दादा ओट्यावर बसला होता. सुभद्रा गाडीतून उतरली, चाक धरून थांबली, मग दोन्ही हात पसरून अंगणातून आली. बघता बघता त्याचा चेहरा उतरला. त्या संध्याकाळी माझ्यादेखत त्याने तिला सगळं सांगितलं: बाप, बहीण, हकीम, नाल्यातली चूळ. तिने खाली मान घालून ऐकून घेतलं. तो थांबल्यावर म्हणाली, "बापू, तुम्ही पाव्हण्यांना फसवलं असं समजून राह्यलात. फसले मी. मला विचारलं असतं तर मी लगीनच केलं नसतं. ही पोर जल्मालाच आली नसती."

त्यानंतर दादा फारसा बोललाच नाही. त्याच हिवाळ्यात गेला. तिरडी उचलताना कुणीतरी म्हणालं, शिंदीनं खाल्ला. सुभद्रा सगळ्यांसमोर म्हणाली, की माझा बाप शिंदी प्यालाच नाही, त्याला आजार होता आणि तोच मला आहे.

आता ती काठी टेकत पाण्याला जाते, बाजारालाही जाते. माझ्या बायकोने तिला पोटतिडकीने समजावलं, की तुझी पोर मोठी होत चाललीय; उद्या पाहुणे यायला लागतील, निदान तेव्हा तरी काठी आत ठेव. सुभद्रा म्हणाली, "काकू, पाव्हणं परत गेले तर जाऊ द्या. काठी लपवून तिला उजवली, तर उद्या ती माझ्यासमोर उभी राहून, मला आधी का न्हाई सांगितलं, हेच विचारील. बापूला जवाब देता आला न्हाई. मी कुठून देऊ?"