नमुनाबाईंचा दम

रेडिओ केंद्रात टेलिफोनच्या बोर्डावर बसणाऱ्या बाईंना सारे जण नमुनाबाई म्हणत. हे नाव ज्याने ठेवले, त्याला आपल्या विनोदाचे समाधान जन्मभर पुरले असावे. कोणतेही नवे गाणे मोठ्या गायिकेकडे धाडण्यापूर्वी कुणीतरी ते साधेपणाने गाऊन फितीवर घ्यावे लागे. त्याला नमुना म्हणत, आणि त्यासाठी बाईंना वरून बोलावणे येई. कानांवरचे यंत्र उतरवायचे, बोर्ड शेजारणीच्या हवाली करायचा, वर जाऊन गायचे आणि खाली येऊन पुन्हा "थांबा, जोडून देते" सुरू करायचे. मोठ्या बाईंना गाणे पाठ झाले की नमुना पुसला जाई.

देशातील पहिली गीतस्पर्धा जाहीर झाली ती याच दिवसांत. सुगम गीतांना प्रतिष्ठा मिळावी, असा तिचा उदात्त हेतू होता. उदात्त हेतूंची झळ कुणी सोसायची, हे मात्र नेहमीप्रमाणे आधीच ठरलेले होते. स्पर्धा गाण्यांची होती, गाणाऱ्यांची नव्हती. त्यामुळे परीक्षकांसमोर नमुनेच वाजणार होते.

वाद्यवृंदाच्या प्रमुखांना सारे मास्तर म्हणत. त्यांनी बाईंना जिन्यातच गाठले. "या खेपेला ज्याचा नमुना, त्याचाच मंच. आपलं गाणं निवडलं गेलं की सगळ्या देशासमोर तुम्हीच गायचं. शब्द देतो."

घरी नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोके काढण्याची तसदी घेतली नाही. "तू मंचावर? मग बोर्डावर मंत्रीमहोदय बसणार वाटतं!"

मुलीने मात्र विचारले, "आई, रेडिओवर तुझं नाव सांगतील? खरं नाव?"

"खरं नाव," बाई म्हणाल्या. एवढेच त्यांना हवे होते.

नमुना घेण्याच्या दिवशी लिफ्ट बंद होती. बोर्डावर फोनांची झुंबड उडाल्यामुळे बाईंना निघायला उशीर झाला. त्या जिने चढून धापा टाकत आत शिरल्या, तोच लाल दिवा लागला. "वळणावर भेटता, ओळखशील का?" ही ओळ आली आणि दम आवरेना. 'ओळख' म्हणताच श्वास तुटला, घशात कळ उठल्यासारखा आवाज झाला, मग कसेबसे 'शील का' बाहेर पडले.

"पुन्हा घेऊ या, मास्तर."

"राहू द्या हो. नमुनाच तर आहे."

कवी तेवढे तडकले. "माझ्या क्रियापदाचे दोन तुकडे केलेत तुम्ही, बाई!"

परीक्षकांनी ओळ ऐकली आणि ते विरघळले. काय हा हुंदका! गाणे एकमताने निवडले गेले. दुसऱ्या दिवशी बोर्डावर मास्तरांच्या खोलीचा दिवा लागला.

"बाई, मोठ्या बाईंच्या घरी जोडून द्या जरा. गाणं त्यांना द्यायचं ठरलंय, वरूनच आलंय तसं. तुमचं पुढच्या वर्षी बघू."

बाईंनी जोडून दिले. आपली मान आपल्याच हाताने सुरीखाली ठेवण्याचा मान प्रत्येकाला मिळत नाही.

मोठ्या बाईंनी फितीबरहुकूम गाणे उचलले, त्या धापेसकट. गाणे पहिले आले. न्हाव्याच्या दुकानात, शाळेच्या बसमध्ये, दंतवैद्याच्या खुर्चीत लोक 'ओळख' म्हणून थबकू लागले. त्या हुंदक्यावर अग्रलेख आला. मोठ्या बाई मुलाखतीत म्हणाल्या, "त्या जागी मला माझी आई आठवली." क्रियापद मुद्दामच तोडले होते, असे कवीही सांगू लागले. पुढचे वर्ष आले नि गेले, त्याच्या पुढचेही.

मुलगी कॉलेजात जाऊ लागली तेव्हा स्पर्धा सामान्य गायकांनाही खुली झाली. बाई मुलीला घेऊन निवड चाचणीला गेल्या. त्यांनी तेच गाणे निवडले, कारण आपले म्हणावे असे तेच होते. परीक्षकांच्या टेबलाशी मधोमध मास्तर बसले होते. बाई 'ओळख'पाशी आल्या, त्यांनी दम घेतला, आणि मास्तरांच्या शेजारच्या तरुण परीक्षकाने हात वर केला.

"थांबा, आजी. तो हुंदका मोठ्या बाईंचा आहे. उसनं अवसान इथे चालत नाही."

बाईंनी मास्तरांकडे पाहिले. "मास्तर, सांगा ना यांना. हुंदका नव्हता तो. लिफ्ट बंद होती, जिने चढून आले होते. दम लागला होता मला."

टेबलाभोवती हशा उसळला. "दम लागला होता म्हणे! काय नमुना आहे!"

त्या शब्दासरशी मास्तरांनी क्षणभर वर पाहिले. मग चष्मा काढला, रुमालाने सावकाश पुसला आणि म्हणाले, "पुढचा."

दोघी रस्त्यावर आल्या. मुलीने आईच्या हातातला हात सोडवून घेतला. "इतक्या लोकांत कशाला थापा मारायच्या, आई? लाज वाटली मला."

त्या संध्याकाळी भांडी विसळताना बाईंच्या तोंडी नकळत तीच ओळ आली. आज धाप नव्हती, घाई नव्हती. 'ओळखशील का' अखंड, कवीने लिहिले होते तसे, एका श्वासात गेले.

"चुकतंय, आई!" आतून मुलगी ओरडली. "तिथे तुटतं ते. येत नसेल तर गाऊ नये."

नवरा वर्तमानपत्राआडून खुदकन हसला. बाईंनी नळ मोठा सोडला.