दोनदा तपासलेलं दूध

राधानगरीकडच्या एका दूध संस्थेत आकाराम वीस वर्षं दूध तपासतो. पाणी आढळलं की दूध परत. सीमेपलीकडून येऊन राहिलेल्या शांतादेवीवर त्याचा फार संशय. कानडी माणसं पाणी घालतातच, हे त्याच्या डोक्यात पक्कं. तिचं दूध तो रोज दोनदा मशीनला लावी आणि चांगलं निघालं की मशीनलाच नावं ठेवी.

आज त्याच्या चुलतभावाच्या दुधात पाणी निघालं.

"म्हस जास्त पाणी प्याली असंल," म्हणत तो दूध ओतून घेऊ लागला.

मागून शांतादेवी म्हणाली, "अण्णा, माझी म्हस काय तहानलेली असती व्हय? त्यांचंबी दोनदा लावा की!"

रांग हसली. आकारामनं पुन्हा लावलं. आकडा तोच. भावाची किटली परत करताना तो शांतादेवीकडं वळला. "अक्का, खरं सांगा, मशीनला काय केलंसा?"