धाकटं पातेलं

फावडेमामांना थोडं काही करणं कधी जमलंच नाही. बोलायला लागले की दोन मजल्यांना ऐकू जायचं, रागावले की दिवसभर रागावायचे, आणि स्वयंपाक करायचा तर तीनशे माणसांचा. ते कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य आचारी होते. तिथला भात ढवळायला डाव पुरत नसे, म्हणून त्यांनी लोहाराकडून फावड्याएवढं उलथनं करून घेतलं होतं. त्यावरून कामगारांनी त्यांचं नाव फावडेमामा ठेवलं आणि खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं.

निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. मामांनी ते तिथल्या तिथे परत केलं. "वेळ बघून मी काय करू? द्यायचंच असेल तर मला ते धाकटं पातेलं द्या." धाकटं म्हणजे कॅन्टीनच्या हिशेबाने धाकटं. त्यात पन्नास माणसांचं सूप सहज व्हायचं. साहेबांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मामा पातेलं खांद्यावर मारून फाटकाबाहेर पडले, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन खोल्यांच्या घरात मामा एकटे, आणि पातेलं माळ्यावर. अशा घरात एक दिवस त्यांची मुलगी दहा महिन्यांची पोर घेऊन आली. मुलगी बंदरावर क्रेन चालवायची आणि तिची रजा संपली होती. बंदराच्या वसतिगृहात लहान मुलांना मज्जाव होता, आणि जावई बोटीवर असायचा, तो येणार थेट वर्षअखेरीला. "तोवर सांभाळाल का, बाबा?" तिने विचारलं. मामांनी नातीला एका हातावर घेतलं. ती हाताच्या पंजातच मावली. "ही एवढीशी? ही तर चिमटी आहे चिमटी!" झालं, नाव पडलं.

बातमी विहीणबाईंपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. विहीणबाई म्हणजे मुलीची सासू, अर्ध्या दिवसाच्या अंतरावरच्या दुसऱ्या शहरात राहणारी. बाई स्वच्छ, शिस्तीची आणि स्पष्ट बोलणारी. त्यांनी फोन केला.

"व्याही, राग मानू नका. तुम्ही पलटणीला जेवू घालणारे. लेकरू वाटीभर खातं. तुम्हाला ते झेपायचं नाही. माझ्याकडे पाठवा तिला."

आता मामांना काहीही म्हणा, पण झेपायचं नाही म्हणू नका. ते फोनवर इतक्या मोठ्याने बोलले की खरं तर फोनची गरज नव्हती. भांडण मुलीपर्यंत गेलं. तीही त्यांचीच मुलगी. तिने दोघांना एका वाक्यात गप्प केलं. "चिमटी जिथे पोटभर जेवेल तिथे राहील. महिन्याभराने तिला आजीकडे नेऊन दाखवा. मला यापुढे एक शब्द ऐकायचा नाही."

आणि चिमटी जेवेना.

दोष मामांचा होता, यात वाद नाही. त्यांनी छोटं भांडं आणलं, त्यात मूठभर तांदूळ घातले आणि सवयीप्रमाणे आच मोठी केली. भाताचा कोळसा झाला. दुसऱ्या दिवशी बटाटा आणि गाजर उकडलं, तर मीठ मुठीने पडलं. चिमूट कशी घ्यायची हे त्यांच्या बोटांना ठाऊकच नव्हतं. तिसऱ्या दिवशी सगळं बरं जमलं, तर चिमटीने तो घास गालात धरला, विचार केला आणि फुर्रर्र करून त्यांच्या चष्म्यावर उडवला. मामांच्या हातचं ताटात टाकायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. ते चमचा घेऊन तिच्यासमोर ठाण मांडून बसायचे आणि डोळे वटारून तिच्या तोंडाकडे बघायचे. त्या नजरेसमोर कुणाच्या घशाखाली घास उतरला असता? पोर दुधावर राहिली. गाल उतरले. मामा संतापायचे, आणि संतापाच्या आतून त्यांना भीती वाटायची. विहीणबाईंचं म्हणणं खरं निघणार, याची.

एक दिवस त्यांचा तोल सुटला. "थोडं जमत नाही ना मला? नाही जमत! मग मी भरपूरच करणार!" असं भिंतीला सुनावून त्यांनी माळ्यावरचं पातेलं खाली ओढलं. तांदूळ, डाळ, घरातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या भाज्या त्यात गेल्या. तासाभरात वास चौथ्या मजल्यापर्यंत चढला. आता एवढं खाणार कोण? मामांनी दार उघडलं आणि जिन्यात उभं राहून कॅन्टीनमध्ये देत तशी हाक दिली, "चला, गरम आहे तोवर या!"

आधी कुणी येईना. मग तळमजल्यावरची शिवणकाम करणारी बाई गळ्यात मापाची पट्टी तशीच ठेवून वाटी घेऊन आली. मग रात्रपाळी करून आलेला पहारेकरी आला, मग वरच्या खोलीतले दोघे विद्यार्थी. घरात जागा कुठली? सगळे पायऱ्यांवर बसले. चिमटी मधल्या पायरीवर मामांच्या मांडीत होती. ती पहारेकऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली, मग शिवणवालीच्या. आणि मग तिने तोंड उघडलं. मामांनी घाईघाईने चमचा पुढे केला. गेला घास! दुसरा गेला, पाचवा गेला, हनुवटी माखली. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी त्याचं खापर मिरीवर फोडलं.

"बघितलंत? मोठ्या पातेल्याची चवच वेगळी. लहान भांड्यात अन्न गुदमरतं," ते म्हणाले.

शिवणवाली हसली. "मामा, पातेल्याचं काही नाही हो. ती आमच्या तोंडांकडे बघून खातेय."

"तुम्ही बाह्या शिवा. स्वयंपाकातलं मला कळतं."

त्या दिवसापासून जिन्यात रोज पंगत बसू लागली. कुणी तांदूळ आणायचं, कुणी बटाटे. चिमटीचे गाल भरले. ती पातेल्याची कड धरून उभी राहायला लागली. बघावं तेव्हा तिला त्या पातेल्यात जाऊन बसायचं असायचं, आणि धुऊन ठेवलं की ती खरोखरच आत बसून चमच्याने ते बडवायची. इमारतीच्या सेक्रेटरींना मात्र हे सगळं डोळ्यांत खुपायला लागलं. त्यांनी जिन्यात पाटी लावली: येथे जेवण्यास मनाई आहे. पाटी जाड पुठ्ठ्याची होती. मामांनी ती काढून गरम पातेल्याखाली ठेवली.

"ही पाटी वाचण्यासाठी होती!" सेक्रेटरी ओरडले.

"वाचली की. छान लिहिलीय. खाली चटका बसत नाही."

महिना संपला. मामा चिमटीला घेऊन सकाळच्या बसला निघाले. पाठीवर तिचे कपडे, काखेत पातेलं. सगळ्यांनी समजावलं की पातेलं कशाला, तिथे भांडी असतील. मामा ऐकतात? त्यांच्या मते सगळी जादू त्या पातेल्यात होती, आणि ती घरी ठेवून लढाईला जायला ते खुळे नव्हते.

"या पातेल्याचं तिकीट पडेल," कंडक्टर म्हणाला.

"का? ते सीटवर बसणार आहे का?"

"सामान आहे ना."

मामांनी पातेल्यात दुपटं अंथरलं आणि चिमटीला आत बसवलं. ती लगेच खुशीत कड बडवायला लागली. "आता बोला. हा पाळणा आहे. पाळण्याचं तिकीट असेल तर फाडा."

आख्खी बस हसली. कंडक्टरने हात टेकले. दुपारी शेजारपाजारच्या लोकांनी आपापले डबे उघडले, तेव्हा चिमटीनेही सकाळी पातेल्यात शिजवलेला मऊ भात डब्यातून मुकाट्याने खाल्ला. मामांची छाती फुगली. पातेल्याचाच प्रताप, दुसरं काय!

विहीणबाईंचं घर आरशासारखं लख्ख होतं. आठ खुर्च्यांचं जेवणाचं टेबल, आणि आठही खुर्च्यांवर कापडाच्या खोळी. चिमटीसाठी नवी उंच खुर्ची आणली होती, नवी वाटी, नवा चमचा. मामांनी ओट्यावर पातेलं चढवलं. विहीणबाईंनी कपाळाला हात लावला, पण अडवलं नाही. मामांनी जीव ओतून भात, डाळ, गाजर शिजवलं, वाटी भरली आणि चिमटीसमोर बसले. विहीणबाई बाजूला हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

चिमटीने तोंड घट्ट मिटलं.

मामांनी पोपट दाखवला, चिमणी दाखवली, स्वतःचे कान ओढून दाखवले. ती ढिम्म. एक घास कसाबसा आत गेला, तो फुर्रर्र करून विहीणबाईंच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर आला.

"महिनाभर हेच चाललं होतं ना?" विहीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. लेकराची काळजी होती, आणि मामांना तेच जास्त झोंबलं.

"नाही! ती खाते! वाटी चाटूनपुसून खाते!" मामांचा आवाज चढला आणि चिमटी रडायला लागली. तेच पातेलं, तोच भात, तोच हात. मग बिनसलं कुठे? मामांनी त्या आठ झाकलेल्या खुर्च्यांकडे बघितलं. शिवणवालीचं बोलणं त्यांना आठवलं. आजवर स्वयंपाकाच्या बाबतीत त्यांनी कुणापुढे हार मानली नव्हती. पण पोर उपाशी होती.

"विहीणबाई, बसा. ताट घ्या आणि जेवा," ते म्हणाले.

"मी? मी मागाहून घेईन. ओट्यापाशी उभ्याउभ्याच घेते मी काहीतरी."

"ते मला माहीत नाही. इथे बसा, तिच्यासमोर. चुकलं माझं, पातेल्यात काही नाही. तिला समोर खाणारं माणूस लागतं, आमच्या जिन्यातल्या पंगतीत असतात तसं. तुम्हाला मला हरवायचंय ना? हरवा. पण आधी जेवा!"

व्याह्यांनी असं दरडावलेलं त्यांना मुळीच आवडलं नाही. तरी त्यांनी एका खुर्चीची खोळ काढली आणि आपलं रोजचं काठ असलेलं स्टीलचं ताट घेऊन बसल्या. पहिला घास त्यांनी अवघडून घेतला. दुसरा नीट घेतला. नंतर त्या नुसत्या जेवायलाच लागल्या, कुणी बघतंय हे विसरून, भूक लागलेलं माणूस जेवतं तसं. चिमटीचं रडणं थांबलं. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, पुढे झुकली आणि तिने आ केला. विहीणबाईंनी आपल्या ताटातला मऊ भात बोटांनी तिच्या तोंडात घातला. पोर जेवली. पोटभर जेवली.

आणि मग मामांच्या लक्षात आलं की त्यांनी काय करून ठेवलंय. चिमटी जिथे पोटभर जेवेल तिथे राहील, हे मुलीचं वाक्य होतं. ती इथे जेवली होती, आजीच्या हातून, आजीच्या ताटातून, आणि ती युक्ती खुद्द मामांनीच शिकवली होती. त्यांनी विनवणी केली नाही. ते उठले, पातेलं घासलं, पुसलं आणि दाराशी नेऊन ठेवलं.

"ठेवा तिला. शब्द तो शब्द," ते म्हणाले. "पण रोज बसून जेवायचं तिच्यासमोर. उभ्याने खाल्लंत असं कळलं तर मी पुढच्या बसने येईन, सांगून ठेवतो." आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज एका खोलीच्या बाहेर गेला नाही.

चिमटीला खाली सोडलं होतं. ती रांगत दाराशी गेली, पातेल्याची कड धरून उभी राहिली आणि आत बसवायला कुणी का येत नाही म्हणून ओरडायला लागली. विहीणबाई तिच्याकडे बराच वेळ बघत होत्या.

"तुमच्या जिन्यात किती माणसं बसतात हो जेवायला?" त्यांनी विचारलं.

"जेवढी येतील तेवढी."

विहीणबाईंनी आपल्या त्या टेबलाकडे बघितलं. "आज किती दिवसांनी बसून जेवले मी. पण माझ्या एकटीच्या तोंडाकडे ती किती दिवस बघेल? घेऊन जा तिला." एवढं बोलून त्या तरातरा आत गेल्या. दुसऱ्या दिवशी निघायच्या वेळी त्यांनीच दुपटं घडी करून पातेल्यात अंथरलं, आणि त्यावर नात बसवली.

बसपाशी तोच कंडक्टर होता. पातेलं बघून त्याने तोंड उघडलं मात्र, सोडायला आलेल्या विहीणबाईंनी सुरुवात केली. "पाळण्याला तिकीट मागणार तुम्ही? आत नात आहे माझी! लाज वाटू द्या जरा!" मामांना मध्ये बोलायला वावच मिळाला नाही, आणि याचा त्यांना थोडा रागही आला.

वाटेत चिमटी सारखी चुळबुळत होती. दुपट्याखाली तिला काहीतरी टोचत होतं. मामांनी तिला उचलून दुपटं दूर केलं. खाली काठाचं स्टीलचं ताट होतं, विहीणबाईंचं रोजचं. मामांनी ते हातात घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. या वेळी दोष द्यायला मिरीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात पंगत बसली. सगळ्यात वरच्या पायरीवर, जिथे पाठ टेकायला भिंत होती, तिथे एक रिकामं ताट मांडलेलं होतं. सेक्रेटरी वरून उतरत होते. ते थबकले.

"हे ताट कुणाचं? उचला, वाट अडतेय."

"उचलणार नाही," चिमटीला भरवता भरवता मामा म्हणाले.

"अहो, पण रिकामंच आहे ते! कुणी बसलंय कुठे त्याच्यापाशी?"

"येणार आहेत."

"कधी?"

"येतील तेव्हा येतील," मामा गरजले, चार मजल्यांना ऐकू जाईल असे. "तोवर तुम्ही बाजूने जा."