मामा बोलू लागले

आमच्या मामांइतकं न बोलता बोलणारा माणूस अख्ख्या सुरतेत सापडायचा नाही. त्यांची उमेदीची सगळी वर्षं पांडेसऱ्यात, यंत्रमागाच्या खात्यात गेली. माग सुरू झाले की तिथे कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नाही, म्हणून कारागीर हातांनी बोलतात. खानदेशातून नवा आलेला माणूस जुन्यांचे हात बघून बघूनच ही बोली शिकतो. मामाही तसेच शिकले, पण त्यांचा हात असा बसला की खात्याबाहेर तोंड उघडायचं ते विसरूनच गेले. ओठांशी अंगठा म्हणजे चहा, मिशीवर बोट म्हणजे शेठ, आणि कानाची पाळी ओढली की मी, कारण लहानपणी माझे कान फार मोठे होते. माझ्या लग्नात मांडवाच्या या टोकाला बसून त्यांनी त्या टोकाच्या वाढप्याकडून जिलबी मागवली. वाढपीही खात्यातलाच निघाला. व्याह्यांना मात्र वाटलं, हा माणूस काहीतरी मंत्र टाकतोय.

काम सुटेपर्यंत मामांचे कान पार गेले. मामी आधीच गेली होती. मुलगा आणि सून दोघंही कामाला, त्यामुळे नात खुशी दिवसभर मामांकडेच. भूक, झोप, राग, चिमणी, सगळं ती त्यांच्यासारखं हातांनी सांगायला शिकली. आम्ही कौतुकाने हसायचो. मग पोरगी तीन वर्षांची झाली, तरी तोंडातून एक शब्द नाही, तेव्हा आमचं हसू आटलं. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. त्या दिवशी सून मामांसमोर बसली आणि त्यांना ओठ वाचता यावेत म्हणून सावकाश म्हणाली, “पप्पा, ती तुमचं बघून शिकते. तुम्ही बोला ना तिच्याशी.”

मामांच्या ते फार जिव्हारी लागलं. आपल्या हातांनीच नातीचं नुकसान केलं, असं त्यांच्या मनाने घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ते हात मांडीखाली दाबून बसू लागले आणि आपल्या अहिराणीत बोलू लागले. स्वतःचं स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे आवाज असा, की गल्लीतली कुत्री उठून बसायची. “आठे ये माय! पानी पी! हाई काय शे? चमचा!” शेजारची गुजराती मासी आधी भांडण समजून धावत आली, आणि रोज ऐकून ऐकून शेवटी तीही आपल्या सुनेला जवळ बोलावताना “आठे ये” म्हणू लागली.

खुशी मात्र नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. आता उशीर झाला, असं मला वाटायला लागलं होतं. एका दुपारी मी गेलो, तर मामा खिडकीबाहेर बघत बसलेले. पोरगी त्यांच्या पाठीमागून ओरडली, “आठे ये!”

मामा हलले नाहीत. मी खांद्याला धरून त्यांना वळवलं. तिने पुन्हा ओरडून दाखवलं. त्यांनी ते ओठांवर वाचलं आणि पंचा डोळ्यांना लावला. मलाही रडू आवरलं नाही.

आता ती शाळेत जाते, गुजराती आणि हिंदी फाडफाड बोलते. परवा तिची गल्लीभर ऐकू जाईल अशी बडबड चालली असताना मामांनी मला, त्यांच्या मते हळूच, विचारलं, “तिना आवाज कसा शे रे?”

मी बोट त्यांच्याकडेच केलं.